पोटरीतला गोळा

चक्करबाईंच्या बुटाची नाडी वरचेवर सुटायला लागली, तेव्हाच शाळेला कळायला हवं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय.

बाई खेळाच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, आणि इतक्या बारीक की वाऱ्याने कपडे हलले तर आत कोणी आहे की नाही अशी शंका यावी. खरं नाव शाळेच्या दप्तरात कुठेतरी असेल, मुलांच्या तोंडी मात्र चक्करबाई. कारण त्यांच्याकडे सगळ्या गुन्ह्यांना एकच शिक्षा होती. उशिरा आलास? मैदानाला चक्कर. बूट मळलेत? चक्कर. चक्कर येतेय? मग आणखी एक मार, म्हणजे आलेली उतरेल. शिक्षा झालेल्याच्या शेजारून बाई स्वतःही पळायच्या, शिट्टी दातांत धरून. मधे थांबणाऱ्याला माफी नव्हती. इतरांचा राग नाकावर असतो, बाईंचा शिट्टीत होता. ती किती लांब वाजली यावरून मुलं त्या दिवसाचं हवामान ओळखायची.

अशी बाई मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपाशी, मधेच खाली वाकून नाडी बांधायला लागली. न सुटलेली नाडी. आधी कधीतरी, मग रोज, मग एकाच चकरेत पुन्हा पुन्हा. उजव्या पोटरीत असा गोळा यायचा की कुणी आतलं मांस पिळून वाळत घालतंय. थोडं थांबलं की जायचा, जसा कधी आलाच नव्हता. पुन्हा चालू लागलं की हजर. बाईंना दुखण्यापेक्षा या उद्धटपणाचाच संताप जास्त. दुखायचं तर नीट दुखावं! हे म्हणजे शेवटच्या बाकावरच्या पोरांसारखं झालं, आपण बघायला वळलो की सगळे साळसूद.

बाईंनी नवे बूट घेतले. चार दिवसांनी दुकानदाराकडे जाऊन त्याच्याशी भांडून आल्या. तेल चोळलं, पट्टा बांधला, गरम पाण्यात पाय बुडवून बसल्या. शेवटी नवऱ्याला कामाला लावलं.

नवरा चष्म्याच्या दुकानात होता. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून ‘छान दिसते’ म्हणायचं काम. माणूस सज्जन, पण बोलताना शब्दाची शेपटी गिळायचा. ‘जेवलीस का’ हे घरात ‘जेवली’ असं ऐकू यायचं, प्रश्नचिन्ह बाई आपलं आपण लावून घ्यायच्या.

“अहो, दुकानात जाताना डॉक्टरांकडून जा. सांगा, पोटरीत गोळा येतो. काहीतरी गोळी द्या म्हणावं.”

“तू चल ना बरो...”

“मला वेळ आहे का? सामने तोंडावर आलेत. पाय माझा असला तरी तोंड तुम्हाला आहे ना?”

नवरा गेला. गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांकडे नेहमीसारखी झुंबड. डॉक्टर एका हाताने कुणाचा तरी घसा बघत होते, फोन खांद्यावर होता. नवऱ्याने दारातूनच सांगितलं, “हिच्या पोटरीत गोळा येतो.” म्हणजे, त्याला तसं सांगायचं होतं. तोंडातून जे बाहेर पडलं त्यातलं डॉक्टरांच्या मोकळ्या कानात गेलं ते एवढंच: पोट, गोळा.

“जेवल्यावर जास्त?” डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

नवऱ्याने प्रामाणिकपणे विचार केला. जेवणाच्या सुट्टीनंतर बाईंना सलग तास असायचे. “हो, जेवणानंतरच जा...”

झालं. गॅसच्या गोळ्या आल्या. कोबी बंद, वाटाणे बंद, डाळी जपून. पायाच्या गोळ्याला पोटाची गोळी कशी, असा प्रश्न बाईंनाही पडला नाही. कारण गॅस अंगात कुठेही फिरतो असं त्यांच्या आईचं ठाम मत होतं, आणि आईची मतं बाईंनी तिच्या दागिन्यांसारखी जपली होती. त्यांनी कोबी सोडला, वाटाणे सोडले. त्याऐवजी पोटाला हलका म्हणून दोन्ही वेळा भरपूर लोणी लावलेला पाव खाऊ लागल्या. पोटरीने मात्र त्यांना सोडलं नाही. अर्धं सत्र असंच गेलं.

मग एक दिवस हेडसरांनी बोलावून घेतलं. हेडसरांच्या खोलीची खिडकी नेमकी मैदानावर उघडायची.

“बसा बाई.”

“मी उभीच बरी.”

“तेच म्हणतो, बसा. बसायची सवय लावायला हवी आता.” हेडसर स्वतःच्याच विनोदावर थोडं हसले. “पुढच्या सत्रापासून मैदान नव्या सरांकडे द्यावं म्हणतो. तुम्ही परीक्षा विभाग बघा. खुर्ची, पंखा, चहा जागेवर.”

“का? मी काय केलं?”

“तुम्ही टाकीपाशी बसता. मुलं बघतात, पालक बघतात.”

“बसत नाही. नाडी बांधते.”

“रोज?”

बाईंचा आवाज चढला. “या मैदानावरचा दगड न् दगड मी वेचलाय सर! पावसात चर खणलेत! आणि नव्या सरांना अजून कुठल्या नळाला पाणी येतं ते माहीत नाही!”

“सत्र सुरू होईपर्यंत बघू,” हेडसर म्हणाले. “तुम्ही पहिल्यासारख्या दिसलात तर विषयच मिटला.”

दिसलात! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मधे पोटरी लागली म्हणून ती तिथे क्षणभर अडकली असेल, एवढंच. दुकानातून नवऱ्याला अर्ध्या गिऱ्हाइकावरून उठवून बाई थेट दवाखान्यात.

डॉक्टरांनी त्यांना टेबलावर झोपवलं. पोट दाबलं. “इथे दुखतं?”

“नाही.”

“इथे? जरा श्वास घ्या. इथे?”

“नाही, नाही! डॉक्टर, तुम्ही माझं पोट कणकेसारखं मळताय कशाला? पाय खाली आहेत माझे.”

डॉक्टरांचा हात थांबला. “गोळा पोटात येतो ना?”

“पोटरीत!”

“पण यांनी तर पोटात सांगितलं.”

स्टुलावरून नवरा पुटपुटला, “मी पोटरीतच म्हणा...”

“बघा! बघा, आत्तासुद्धा अर्धंच!” बाई ताडकन उठून बसल्या. “इतके महिने मी कोबीला हात लावला नाही. आणि डॉक्टर, तुम्ही! माणूस न बघता गोळ्या देता? उद्या हे सांगतील ‘कान’ आणि तुम्ही ऐकाल ‘कांदा’, मग काय मला फोडणीत टाकाल?”

बाहेर बाकावर बसलेल्यांचा खोकला एकदम थांबला. डॉक्टर वाद घालतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, “चुकलं माझं. बोलवून बघायला हवं होतं. बूट काढा.”

भांडायला आलेल्या माणसासमोर कुणी चूक कबूल केली की भांडणाऱ्याचे हात रिकामे होतात. बाईंनी तो रिकामेपणा बुटावर काढला. एक बूट भिंतीवर आदळला, पाठोपाठ दुसरा. डॉक्टरांनी डाव्या पावलावर बोटं ठेवली, घोट्याच्या मागे ठेवली, मान हलवली. मग उजव्या पावलावर. तिथे त्यांची बोटं इकडून तिकडे फिरत राहिली.

“उजव्या पायाची नाडी लागत नाहीये.”

“आत्ताच तर बांधली होती तिने,” नवरा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वाक्य पुरं केलं, तेही हे.

एरवी बाई हसल्या असत्या. पण डॉक्टर हसत नव्हते. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला, मग घोट्याला गुंडाळून. घोट्यावरचा आकडा दंडाच्या जेमतेम निम्मा भरला. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

“पापण्यांच्या कोपऱ्यात हे पिवळे डाग कधीपासून आहेत?”

“झाली बरीच वर्षं. पार्लरवाली म्हणते झोप कमी पडते.”

“घरात कुणाला हृदयाचा त्रास?”

“वडील उभ्या उभ्या गेले, चाळिशीत. भावाची बायपास झालीय.”

“हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

रक्त तपासायला गेलं. मोठ्या दवाखान्यात पायाच्या धमनीची सोनोग्राफी झाली. रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी दार लावून घेतलं, फोन उलटा ठेवला आणि सावकाश सांगितलं. कोलेस्टेरॉल म्हणजे काही विष नव्हे, शरीराला ते लागतं, यकृत स्वतःच बनवतं. पण त्यातलं एलडीएल म्हणतात ते वाईट कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं रक्तात जास्त राहिलं की धमनीच्या भिंतीत शिरतं. तिथे सूज येते, थरावर थर बसतात, भिंत जाड आणि कडक होते, आतली वाट अरुंद. बसलेल्या पायाला पुरेल एवढं रक्त त्यातून जातं. चालणाऱ्या पायाला जास्त लागतं, ते मिळत नाही, आणि स्नायू बोंब मारतो.

“तो तुमचा गोळा,” डॉक्टर म्हणाले.

“पण मी तर काडी आहे! हे जाड्या लोकांचं दुखणं ना?”

“तुमच्या घराण्यातच दिसतंय हे. काहींचं यकृत रक्तातलं एलडीएल उचलायलाच आळशी असतं, जन्मापासून. अंगावर मांस असो नसो. लोण्याने भर पडते, मधुमेहाने, रक्तदाबाने पडते. धुराने तर फारच.”

“मी सिगारेट ओढत नाही.”

डॉक्टरांनी स्टुलाकडे बघितलं. नवरा भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचू लागला, सगळ्यात खालची ओळसुद्धा.

“आणि एक,” डॉक्टर म्हणाले, “पायाच्या धमनीत हे आहे म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या धमनीतही असणार, असं धरूनच चालायचं. पायाने आधी कळवलं, हे नशीब.”

आता मात्र बाईंच्या खरोखर पोटात गोळा आला.

घरी आल्यावर त्यांनी पहिला फोन भावाला केला. भावाचं सगळं ऐकून झाल्यावर हळूच विचारलं, “दादा, तुझ्या ऑपरेशनच्या वेळी तुला कुणी म्हणालं होतं का, की बहीण, मुलं, सगळ्यांचं रक्त तपासा?”

“म्हणाले होते गं. पण तू म्हणजे चिपाड. म्हटलं, उगाच कशाला घाबरवायचं?”

“घाबरव मला!” बाई इतक्या जोरात ओरडल्या की वरच्या मजल्यावरचं टेबल सरकल्याचा आवाज आला. “थोरला भाऊ आहेस ना? मग घाबरव! बाबा गेले तेव्हा सगळे म्हणाले, चिंतेने गेले. तुला झालं तेव्हा म्हणाले, खाण्याने झालं. माझ्यापर्यंत येईपर्यंत कुणाला साधं एक वाक्य बोलता आलं नाही? तुझ्या मुलीचं रक्त उद्या तपास. ती बारीक आहे म्हणालास ना, तर मी तिथे येईन.”

दुसरा नंबर नवऱ्याचा. तो गॅलरीत होता, नेहमीच्या जागी, नेहमीच्या धुरात.

“तीस वर्षं तुम्ही अर्धा धूर घेतलात आणि अर्धा मला दिलात. शब्दांच्या बाबतीत कधी वाटणी केली नाहीत एवढी!”

“सोडतो.”

“काय सोडता? शेपटीसकट बोला.”

“सिगारेट. सोडतो.”

लगेच सुटली असं नाही. ती गॅलरीतून जिन्याखाली गेली, जिन्याखालून दुकानामागच्या बोळात. बाई तिच्या मागावर राहिल्या. घरात मात्र पुन्हा आली नाही.

रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक वेगळी. स्टाफरूममध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता. भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, ती गोळी एकदा धरली की सुटत नाही. बाई म्हणाल्या, चष्मा धरलाय तुम्ही, सुटला का? गणिताचे सर म्हणाले, लसूण खा, सगळं साफ. चित्रकलेच्या सरांनी ऐकलं होतं की त्या गोळीनेच पाय दुखतात. हे मात्र बाईंच्या मनात घर करून बसलं, कारण पाय दुखतच होता. त्या रात्री गोळी तळहातावर घेऊन त्या बराच वेळ स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. मग घेतली नाही. पुढच्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच्याच लपवाछपवीचा राग आला आणि डॉक्टरांना फोन लावला.

“आधीचंच दुखणं आहे की नवीन? दोन्ही पाय, मांड्या, दंड असं सगळीकडे दुखतं?”

“नाही. तेच, उजवी पोटरी, चालताना.”

“मग ते गोळीचं नाही, धमनीचं आहे. गोळी घ्या. कधी सगळीकडे दुखायला लागलं तर मला सांगा, आपण मात्रा बदलू, औषध बदलू. पण परस्पर बंद करू नका. तिचं काम आजचं दुखणं थांबवण्याचं नाही, पुढचा झटका थांबवण्याचं आहे. आजच्या दुखण्याला चालायचं औषध दिलंय. ते घेता का?”

“बघते,” म्हणून बाईंनी फोन ठेवला. कारण ते औषध सगळ्यात कडू होतं. चाला. गोळा येईपर्यंत चाला, चांगला दुखला की थांबा, पूर्ण गेला की पुन्हा चाला. अर्धा-पाऊण तास, असं काही महिने. त्याने स्नायू कमी रक्तात काम उरकायला शिकतो, आडवाटेच्या बारीक धमन्याही मदतीला येतात. पावलं रोज बघा, अनवाणी फिरू नका. बसल्या जागी दुखू लागलं, पाय गार पडला किंवा जखम भरेना, तर धावत या. मग आत फुगा घालून वाट मोकळी करायची की ऑपरेशन करायचं, ते बघता येईल. पण आत्ता चाला, आणि थांबा.

चालायला बाई कधीच नाही म्हणाल्या नव्हत्या. थांबायचं कसं? आयुष्यभर ज्या मैदानावर त्यांनी थांबणाऱ्यांना फाडून खाल्लं, तिथे, सगळ्यांदेखत?

पहिले काही दिवस पुन्हा नाडीच. मग एकदा टाकीपाशी वाकल्या असताना नववीचा घोळका बाजूने पळत गेला आणि त्यातून आवाज आला, “बाई, गाठ मारा, गाठ!” हशा पिकला. बाई सरळ झाल्या. शिट्टी इतकी लांब वाजली की रस्त्यावरच्या सायकली थांबल्या.

“इकडे या सगळे! ऐका. माझी नाडी सुटत नाही. माझ्या पायाला रक्त कमी पोचतं. चाललं की दुखतं, थांबलं की राहतं. डॉक्टरांनी चाला आणि थांबा म्हणून सांगितलंय, म्हणून मी थांबते. कुणाला हसायचं असेल त्याने आत्ता हसून घ्यावं, नंतर हसला तर चक्कर!”

कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून बाई उघड थांबू लागल्या. हात कमरेवर, नजर समोर, पोलीस चौकात उभा राहतो तशा. दुखणं उतरलं की पुन्हा चालायचं. सुरुवातीला टाकी गाठतानाच दम निघायचा. पुढे टाकी मागे पडली, मग झाडांची रांग. रक्ताचा नवा रिपोर्ट आला. एलडीएल बरंच खाली आलं होतं, पण डॉक्टरांना अजून खाली हवं होतं, म्हणून मात्रा वाढली. “बरी झाले का?” असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, “बरं होणं नाही यात, ताब्यात ठेवणं आहे.” बाईंना हे आवडलं नाही, पण कळलं.

सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हेडसरांच्या खोलीबाहेर नवीन वेळापत्रक लागलं. तिसरीपासून वर सगळे खेळाचे तास नव्या सरांचे. बाईंच्या नावापुढे परीक्षा विभाग.

बाई न विचारता आत गेल्या. “मी मैदानाची एक बाजू आता न थांबता चालते.”

“आणि बाकीच्या बाजू थांबून,” हेडसर म्हणाले. “बाई, मलाही वाईट वाटतं. पण खेळाच्या शिक्षिका मैदानात मधेच उभ्या राहतात, हे दिसायला बरं दिसत नाही.”

“दिसायला! बूट घालून नाडी बांधत होते तेव्हा दिसायला बरं होतं? पाय आतून सडत होता तेव्हा? सर, तुम्ही मला खुर्ची, पंखा आणि चहा देताय. डॉक्टरांनी मला मैदान लिहून दिलंय. तुम्ही माझं औषध काढून घेताय, आणि वर तोंडाने काळजी!”

“वेळापत्रक छापून झालंय.”

“मग फाडा!”

हेडसर वेळापत्रक फाडणाऱ्यांपैकी नव्हते. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. बाई हलल्या नाहीत. शेवटी, बाई गेल्याशिवाय आपल्याला चहा मिळत नाही हे दिसल्यावर ते म्हणाले, “पहिली-दुसरीला कुणी नाहीये. वर्गशिक्षिकाच त्यांना बाहेर सोडतात. ते तास घेता?”

“पहिली-दुसरी?” बाईंचा आवाज चिरकला. “मी जिल्ह्याला संघ नेलेत!”

“माझ्याकडे तेवढंच आहे.”

बाई दार आपटून बाहेर पडल्या. दार आपटून परत आत आल्या. “रोज,” म्हणाल्या. “एक दिवसाआड नाही. रोजचा तास हवा.” आणि पुन्हा दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या अर्ध्या भागात नव्या सरांचे मोठे वर्ग ओळीत पळत होते. सर चांगले होते, हेच जास्त झोंबत होतं. उरलेल्या भागात बाई आणि पहिलीचा वर्ग. कुणाचा बूट उलटा, कुणाचा सदरा पाठीमागे बटणांचा. बाई पुढे, मागून ही फौज. झाडांच्या रांगेपलीकडे पोटरीने हाक मारली. बाई थांबल्या, हात कमरेवर ठेवले. मागचे सगळे थांबले. एकजण तर बसलाच.

“तुम्हाला कोणी थांबायला सांगितलं?”

“तुम्ही थांबलात ना बाई,” पुढची मुलगी म्हणाली.

“मला दुखतंय म्हणून थांबले! तुम्हाला दुखतंय का?”

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. बसलेल्याने गुडघा दाखवला. त्यावर काहीही नव्हतं.

बाईंनी वर खिडकीकडे बघितलं. हेडसर उभे होते, हातात कप. बाईंनी नजर हटवली नाही. हेडसरांनीच पडदा ओढला. तोवर दुखणं ओसरलं होतं.

“उठ रे,” बाई बसलेल्याला म्हणाल्या. “आणि तो बूट आधी सरळ घाल. निम्मी चक्कर राहिलीय अजून.”